मयुरीचा डबा

१ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाच्या! कराडहून पुलगावपर्यंत बसून बसून कमरेचा काटा ढिला झाला, पण सुरभीचा उत्साह काही उतरला नाही. गाडीतल्या प्रत्येकाला तिनं सांगून टाकलं की माझ्या आईला लहान मुलांशी खेळायचा पगार मिळतो. आता यात खोटं काय आहे?

घर नाचणगाव रस्त्याला, वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड. खाली मालकीण शकुंतलाबाई, त्यांचा मुलगा-सून आणि सहा वर्षांची नात समीक्षा. आज त्यांच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण. मी गौरी म्हटलं तर सगळे हसले. सामान वर न्यायच्या आधीच आम्हाला पानावर बसवलं. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्यांची मिळून एक भाजी. सुरभीनं तीनदा आंबील मागून घेतली आणि पैंजण वाजवत अख्ख्या घरातून फिरून आली. पाच वर्षांची आहे, लाज नावाची गोष्ट अजून शिकायची आहे. शकुंतलाबाई म्हणाल्या, पोरीच्या आवाजानं घर कसं भरून गेलं.

जूनमध्ये घटस्फोटाच्या कागदांवर सही केली, त्यानंतर आज पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

३ सप्टेंबर, बुधवार

केंद्राचं नाव ‘अंगण’. जुन्या बंगल्यातल्या तीन खोल्या. प्रमुख प्रफुल सर, उपचार करणारी मी, आणि बाकी सगळं करणाऱ्या शोभाबाई. झाडण्यापासून रडणाऱ्या आयांना चहा देण्यापर्यंत सगळं त्या बघतात. बालवाडी सुटली की सुरभी त्यांच्याजवळ बसणार आहे. दोघींची पहिल्या दहा मिनिटांत गट्टी जमली.

माझ्या कामाचं नक्की काय असतं, हे आत्याला गेली आठ वर्षं समजावतेय. मोठी माणसं दुखणं बोलून दाखवतात, मुलं खेळून. म्हणून आम्ही त्यांच्यासोबत जमिनीवर बसतो आणि घरच्यांनाही बसवतो. प्रश्न विचारायचे नाहीत. जे दिसतं तेच बोलायचं. मूल देईल ती भूमिका घ्यायची. चोर तर चोर, मेलेली म्हातारी तर मेलेली म्हातारी. खेळ कुठे न्यायचा ते मुलानं ठरवायचं. ‘खेळ तू म्हणशील तसा’ हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा तरी म्हणत असेन. मला जड जातं ते एकच, गप्प बसणं. म्हणून तर ही वही. तोंड बंद ठेवलं की माझा हात सुरू होतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मयुरी आली. वय सात. गेल्या कोजागिरीपासून एक अक्षर बोललेली नाही. अकरा महिने! घसा, कान, डोकं, सगळं तपासून झालंय आणि सगळं ठणठणीत आहे. ती रडते तेव्हाही आवाज येत नाही, असं तिचे वडील म्हणाले आणि स्वतःच रडायला लागले. स्टेशनजवळ त्यांचं शेतातले जळालेले पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. आई रक्षा माझ्याच वयाची असेल. पूर्ण वेळ ओढणी पिळत बसली होती. तिनं मला एकच विचारलं, मॅडमले लेकरू हाय का? मी सांगितलं, एक मुलगी आहे, पाच वर्षांची, आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. बिचारी, तिला आपली मुलगी आठवली असेल.

मयुरीनं पोटाशी स्टीलचा कडीचा डबा धरला होता. बाहेरची वस्तू खेळाच्या खोलीत आणायची नाही, असा आमचा नियम आहे. पण मूल ज्याला बिलगून आहे ते पहिल्याच दिवशी काढून घेतलं तर झालंच. मी चालवून घेतलं. तिनं वाळूला बोट लावलं नाही, बाहुल्यांकडे पाहिलं नाही. चाळीस मिनिटं डबा धरून बसली आणि गेली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मयुरी खेळली! माझ्यासमोर मांडी घालून बसली, डबा माझ्या कानाशी आणला आणि हलवला. मी नियमाप्रमाणे, तू डबा हलवतेस, मला ऐकवतेस, असं बोलत बसले. तिनं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मला काही उमजेना. शेवटी दारातून शोभाबाई म्हणाल्या, पोरगी भुलाबाई खेळून राह्यली नं, मॅडम.

मग त्यांनीच सांगितलं. कोजागिरीपर्यंत महिनाभर इथल्या मुली संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की एक मुलगी झाकलेला डबा हलवते आणि बाकीच्यांनी आतला खाऊ ओळखायचा. ओळखल्याशिवाय झाकण काढत नाहीत. आमच्याकडे हादग्याला खिरापत ओळखतात, तेच हे.

मग काय, मी सुटलेच. लाह्या? फुटाणे? खोबरं? चिंचोके? दर वेळी ती मान हलवायची आणि पुन्हा डबा हलवायची. आतला आवाज दर वेळी थोडा बदलायचा, ओळखीचा व्हायचा. शेवटी छुमछुम ऐकू आलं. ते तर मी झोपेतही ओळखेन. म्हटलं, हे माझ्या सुरभीचे पैंजण! मयुरीनं इतकी गोड मान डोलावली. झाकण काढून दाखवलं. डबा रिकामा होता.

माझेच कान वाजले असणार. पण अकरा महिन्यांनी मुलीनं कुणाला तरी खेळात घेतलं, ते महत्त्वाचं. प्रफुल सर खूश झाले.

१७ सप्टेंबर, बुधवार

सुरभीचे पैंजण वाजत नाहीत. चिखल गेला असेल म्हणून जुन्या ब्रशनं घासले. प्रत्येक घुंगरू नीट हलतं, आतला दाणा फिरताना दिसतो. आवाज मात्र नाही. तिनं पाय आपटून आपटून पाहिले आणि रुसून बसली. सोनाराला दाखवायला हवेत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मला हे नीट, क्रमानं लिहायचं आहे.

मयुरी चपला बाहेर काढून अनवाणी आत आली. तिच्यासोबत छुमछुम आली. मी तिचे पाय पाहिले. पायांत काहीही नव्हतं. ती चालली की वाजत होतं, थांबली की थांबत होतं. दारात शोभाबाईंच्या हातातला खराटा तसाच राहिला.

तेव्हाच थांबायला हवं होतं मी. पण मूल खेळ देतंय आणि मी नाही म्हणायचं, हे मला आठ वर्षांत जमलेलं नाही. तिनं डबा हलवला. या वेळी लाह्या-फुटाणे काही नव्हतं. आत कुणीतरी हसत होतं. गुदगुल्या केल्यासारखं, शेवटी उचकी लागत. माझ्या तोंडून निघून गेलं, अगं, ही तर सुरभी हसतेय!

मयुरी हसली. मोठ्यानं, खळखळून, शेवटी उचकीसकट. बाहेर तिची आई मटकन खाली बसली, वडिलांनी माझ्या पायांना हात लावला. सर म्हणाले, असं यश त्यांनी आजवर पाहिलं नाही.

ते हसू कुणाचं आहे, हे त्या बंगल्यात फक्त मला माहीत होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

सुरभीला गुदगुल्या केल्या. तिनं तोंड उघडलं, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. आवाज नाही. ती बोलते, गाणी म्हणते, भांडते. फक्त हसली की घर एकदम गप्प होतं. तिला आधी गंमत वाटली. मग माझं तोंड पाहून ती घाबरली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रक्षाच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला आणि मी विचारायच्या आधीच सांगायला लागली. बहुतेक वाटच बघत होती.

गेल्या वर्षी त्यांच्या गल्लीत कुणाच्या तरी नात्यातली मुलगी राहायला आली होती. बोलायची नाही. दया येऊन पोरींनी तिलाही भुलाबाईत घेतलं. ती रोज हा डबा हलवायची आणि ओळखण्यात मयुरी सगळ्यांत हुशार. आधी मयुरीच्या बांगड्यांचा आवाज गेला, मग हसू. कोजागिरीच्या दिवशी मयुरीनं शेवटचं ओळखलं आणि ती मुलगी घडाघडा बोलायला लागली. मयुरीच्या आवाजात. दुसऱ्या दिवशी ते लोक निघून गेले. डबा मागे राहिला.

मी विचारलं, मग हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? ती खाली बघून म्हणाली, सांगलं असतं तं तुम्ही खेळल्या असत्या का, मॅडम? तुमची पोरगी लई बोलते म्हणून आयकलं, तवाच मी ठरवलं. आई हाय मी.

मी तिला काय काय बोलले ते लिहवत नाही. ती सगळं ऐकून घेत होती. आतल्या खोलीतून सुरभीच्या हसण्याचा आवाज येत होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

सरांना सांगितलं की मयुरीला मी घेणार नाही. ते म्हणाले, मुलगी आत्ता कुठे हसली आहे, अशा वेळी सोडून द्यायचं? कारण काय सांगू? पैंजण?

आणि खरं सांगायचं तर पळूनही जाता येत नाही. सुरभीचं हसू त्या पोरीकडे आहे. ते परत मिळवायचं तर डबा माझ्या हातात यायला हवा. मी हलवायचा, मयुरीनं ओळखायचं. उद्या तोंडातून शब्द काढायचा नाही. सुरभीला शकुंतलाबाईंकडे ठेवून जाणार आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

मयुरीनं डबा दिला नाही. मी ओढला, हो, सात वर्षांच्या पोरीच्या हातातून ओढला, तरी सुटला नाही. मग मी ओठ मिटून बसले. ती हलवत होती. आतून आवाज येत होता, आई, ऐक ना. आई, ऐक ना. मी ओढणी तोंडात कोंबली. पस्तीस मिनिटं. फक्त पाच राहिली होती.

सुरभी घरी रडायची थांबेना म्हणून शकुंतलाबाई तिला केंद्रावर घेऊन आल्या. बिचाऱ्या. त्यांना काय माहीत?

दार उघडलं. सुरभीनं डब्यातला आवाज ऐकला आणि तिचा चेहरा फुलला. तिला वाटलं, किती सोप्पं आहे हे. हात वर करून ओरडली, मी ओळखलं, हा तर माझाच आवाज!

त्यानंतर ती बोललेली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मयुरीच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, मामाकडे जाम गावाला गेले. सुरभीला शोभाबाईंपाशी ठेवून मी बस बदलत बदलत जामला गेले. चौकातल्या टायरच्या दुकानामागे घर सापडलं. मयुरी ओट्यावर ठिकरी खेळत होती. स्वतःशी बोलत होती. माझ्या मुलीच्या आवाजात, आमच्या कराडच्या हेलात.

मला पाहिलं आणि तिच्या तोंडून आलं, आई.

मग तीच घाबरली. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मी तिला जवळ घ्यायला धावले — का धावले? रक्षानं तिला आत ओढली. बंद दाराआडून म्हणाली, जा मॅडम, डबा आता तुमच्यापाशी हाय. म्या केलं तेच करजा.

४ ऑक्टोबर, शनिवार

डबा खेळाच्या खोलीत पडला होता. सुरभीनं तो पोटाशी धरून घरी आणला. सोडत नाही. शोभाबाई हात जोडून म्हणाल्या, मॅडम, नदीत टाकून द्या थो. टाकता येत नाही. डबा गेला तर सुरभी कायमची अशीच. हे मी त्यांच्यावर ओरडून सांगितलं. शोभाबाई निघून गेल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

उद्या कोजागिरी. खाली भुलाबाईचा शेवटचा दिवस. शकुंतलाबाईंनी सुरभीला बोलावलं आहे, खाऊचा डबा घेऊन येजो म्हणाल्या.

समीक्षा दुपारी वर आली होती. अर्धा पेरू सुरभीला दिला, तिच्या वेण्या घातल्या. तिची जीभ एक मिनिट स्वस्थ नव्हती. किती छान, स्पष्ट आवाज आहे.

मी हे काय लिहितेय?

६ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी साडेपाच.

मी सुरभीला घेऊन खाली गेले. डबा घेऊन. मुद्दाम. गाणी झाली. सुरभीनं डबा हलवला. पोरी ओरडल्या, शेंगदाणे, बत्तासे. समीक्षा पुढे सरकली, कान लावला, आणि डब्यातून तिच्या बांगड्या वाजल्या. समीक्षानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. तोंड उघडलं —

मी डबा हिसकावला, सुरभीला उचललं आणि जिना चढून वर आले. सगळे बघत राहिले.

मला नाही जमलं. रक्षाला जमलं, मला नाही. चांगली म्हणून नाही. त्या पोरीचं ते उघडं तोंड बघवलं नाही.

मग एकच उरतं. सुरभी हलवेल. मी ओळखेन. माझं असेल ते.

साडेसहा

आधी माझ्या किल्ल्या. मग माझं हसणं, ते तर मी विसरलेच होते. मग माझा आवाज आला. खेळ तू म्हणशील तसा — मी म्हटलं, माझा आवाज. बोललेला शेवटचा शब्द हाच.

सुरभीनं मला मिठी मारली. आई म्हणाली.

माझ्या आवाजात.

७ ऑक्टोबर, सकाळ

बोलते आहे. उठल्यापासून थांबलीच नाही. पाच वर्षांच्या तोंडातून माझा चौतिशीचा आवाज — शकुंतलाबाईंना वाटलं मीच बोलतेय, खालूनच उत्तर दिलं —

मला चालेल. बोलते ना, बस.

पण डबा सोडत नाही. अजून एकदा म्हणते. संपलं, असं हातानं सांगितलं. तिला पटत नाही. खेळ मुलानं संपवायचा, हे तिनं माझ्याकडूनच —

दुपार

डबा माळ्यावर ठेवला. सापडला. खिडकीतून फेकला. समीक्षानं उचलून आणून दिला. दारातच बसली होती, मी पण ओळखते म्हणाली. तिला ढकलून बाहेर काढलं, कडी लावली.

सुरभी म्हणते, तू नाही ओळखलं तर मी खाली जाते.

तिला वाईट म्हणू नका कुणी. पाच वर्षांची आहे. तिला जिंकायला आवडतं.

सरांना मेसेज केला. या, डबा घेऊन जा, लगेच. पाचला येतो म्हणाले.

चार वाजून दहा

वही तिनंच पुढे सरकवली. बोलता येत नाही तर लिहून ओळख म्हणते. तिला वाचता येत नाही अजून. डब्याला येतं —

लाह्या.

डब्यातला आवाज बदलला. नाही म्हणते.

फुटाणे. बत्तासे.

चुकीचंच लिहायचं. पाच वाजेपर्यंत चुकीचं लिहीत राहायचं. ती इथे बसली आहे तोवर समीक्षा —

खोबरं. चिंचोके.

चार पस्तीस

जवळ येतोय. मला कळलं काय आहे ते. मघाशीच —

दोन ठोके. थांबून दोन.

तिनं डब्याला कान लावला. मग माझ्या छातीला. पुन्हा डब्याला.

हसली.

आई, हे तुझंच आहे ना, म्हणते. माझ्या आवाजात, किती गोड —

नाही. लाह्या. लाह्या. मी लिहिणार नाही. सर येतील. लाह्या. सुरभी पुरे बाळा, त्यात माझं काळी